स्ट्रीट फायटर ६ : आठ महिन्यांच्या वापरानंतर एका हौशी खेळाडूचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमचे सहाशेच्या आसपास ऑनलाइन सामने खेळले आणि त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक हरले. आठवड्यातून तीन-चार रात्री, जेवणानंतर चाळीसेक मिनिटे, एवढाच माझा वेळ. स्पर्धेत उतरण्याची हौस नाही आणि बोटांत तेवढी चपळाईही नाही. तरीही हा खेळ अजून चालू आहे, आणि त्याच काळात घेतलेले दोन मोठे कथाप्रधान खेळ अर्धवट पडून आहेत. फायटिंग गेम घ्यावा की नाही अशा विचारात असलेल्या बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते : आपण सारखे हरणार, आणि का हरलो हेही आपल्याला कळणार नाही. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा, निदान या खेळापुरता, खरा नाही, आणि माझ्या मते हौशी खेळाडूने हा खेळ घेण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

आधी नियंत्रणाविषयी, कारण सगळ्यांची पहिली ठेच तिथेच लागते. या मालिकेतला पहिला खेळ १९८७ साली आला आणि १९९१ च्या दुसऱ्या भागाने ती जगभर पोचवली. विशेष मूव्ह मारण्याची रीत तेव्हापासून ठरून गेलेली आहे : दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवायची, त्याच दमात ठोशाचे बटण दाबायचे, की हातातून हादोकेन, म्हणजे ऊर्जेचा गोळा, सुटतो. लहानपणी मी हे दहा वेळा करायचे तेव्हा एकदा जमायचे, उरलेल्या नऊ वेळा पात्र नुसते खाली वाकून हवेत ठोसा मारायचे. जून २०२३ मध्ये आलेल्या या सहाव्या भागात ही जुनी रीत ‘क्लासिक’ या नावाने शिल्लक आहे, पण तिच्या शेजारी ‘मॉडर्न’ नावाची दुसरी रीत ठेवलेली आहे. तिच्यात विशेष मूव्हसाठी एक स्वतंत्र बटण असते. दिशा आणि ते बटण एवढ्यावर काम भागते. बदल्यात काही साधे ठोसे आणि लाथा हाती राहत नाहीत, आणि एका बटणावर मारलेल्या विशेष मूव्हचा मार वीस टक्क्यांनी कमी होतो. मॉडर्न घेऊन खेळणे म्हणजे लबाडी, असे मानणारे खेळाडू भेटतात. मला हा सौदा रास्त वाटतो, कारण ज्या दिवशी बोटांचा अडसर गेला त्या दिवशीही मी हरतच होते. तोपर्यंत प्रत्येक पराभवाचे खापर मी न जमलेल्या मूव्हवर फोडत असे. आता मूव्ह जमत होती, पण ती नको त्या वेळी मारली जात होती.

पात्र म्हणून मी मारिसा निवडली. ती धिप्पाड आहे, सावकाश चालते, हातातून काही फेकत नाही, पण तिचा एक ठोसा बसला की समोरच्याची शक्तिपट्टी डोळ्यांदेखत उतरते. सुरुवातीच्या अठरा पात्रांपैकी सगळी थोडी थोडी खेळून पाहिली. किंबर्लीच्या उड्या मारताना माझी मलाच ती दिसेनाशी झाली, आणि जेपी नावाचा म्हातारा दुरून एवढे जादूचे काटे उगवतो की कोणता कुठे उगवला आहे याचा हिशेब ठेवता ठेवता मीच मार खाल्ला. मारिसाबरोबर विचार करायला वेळ मिळतो. हौशी माणसाने जोरकस पण संथ पात्र घ्यावे असे मी सुचवेन, कारण त्याला प्रत्येक सामन्यात मोजकेच योग्य निर्णय पुरतात. शिवाय रँक, म्हणजे ऑनलाइन सामन्यांच्या गुणांवरून ठरणारी पायरी, प्रत्येक पात्राची वेगळी असते, त्यामुळे दुसरे पात्र घेऊन चार सामने हरले तरी मारिसाच्या गुणांना धक्का लागत नाही. ही सोय लहान दिसते, पण कुतूहल टिकते ते तिच्यामुळेच.

खेळाचा कणा म्हणजे ड्राइव्ह गेज. शक्तिपट्टीखाली सहा हिरवे रकाने असतात आणि प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला ते भरलेले असतात. जुन्या भागांत ताकद मार देत-घेत साठवावी लागे, इथे पैसा आधीच हातात दिलेला आहे आणि तो कसा उधळायचा हे तुमच्यावर सोडलेले आहे. धडक देणारा ड्राइव्ह इम्पॅक्ट एका रकान्याचा, विशेष मूव्हची ओव्हरड्राइव्ह, म्हणजे अधिक जोरकस, आवृत्ती दोन रकान्यांची, मारता मारता मध्येच पुढे झेपावणे तीन रकान्यांचे. नुसते ब्लॉक करत बसले तरी गेज झिजते. सगळे रकाने संपले की बर्नआउट होतो : पात्राचा रंग उतरतो, विशेष मूव्ह ब्लॉक केल्या तरी थोडा मार लागतो, आणि अशा अवस्थेत भिंतीला पाठ लागलेली असताना कोणी ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला तर भोवळ येऊन उभे राहावे लागते. पहिला महिनाभर मी प्रत्येक राउंडच्या पंधराव्या सेकंदाला दिवाळखोर झालेली असे.

याच ड्राइव्ह इम्पॅक्टने मला सर्वांत जास्त रडवले, म्हणून तो प्रसंग जरा सविस्तर सांगते. ही धडक रंगाचे फटकारे उडवत येते, येताना समोरून बसलेले दोन फटके अंगावर झेलते, आणि तुम्ही कोपऱ्यात असाल तर ब्लॉक करूनही भिंतीवर आदळवते. तिला उतार म्हणजे ती येताना दिसली की आपणही तीच मारायची. नंतर मारलेली जिंकते. ती बसायला २६ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची २६ चित्रे, लागतात. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी वेळ हाती असतो. तेवढ्यात एक बटण दाबणे कोणालाही जमावे, आणि मला मात्र सलग सहा सामन्यांत एकदाही जमले नाही. वय झाले, असा निष्कर्ष काढून मी मोकळी होणार होते.

तेवढ्यात सहज रिप्ले उघडला. रिप्लेमध्ये दोन्ही खेळाडूंनी दाबलेली बटणे पडद्यावर दाखवता येतात आणि खालून फ्रेमची रंगीत पट्टी धावते : ठोसा निघतो आहे, लागू शकतो आहे, की हात परत येतो आहे, हे प्रत्येकी वेगळ्या रंगात. मारिसाचा जड ठोसा बटण दाबून धरल्यास अधिक जोराने बसतो, आणि मला त्याची चटक लागलेली होती. सहाच्या सहा वेळा समोरच्याची धडक सुटली तेव्हा माझा अंगठा त्याच बटणावर दाबून धरलेला होता. नजर मंद नव्हती, प्रतिक्रियाही मंद नव्हती. हात अडकलेला होता. समोरच्यांनी तो अडकण्याची वाट पाहिली होती, आणि मी दर वेळी त्यांना ती वेळ ठरवून दिल्यासारखी दिली होती.

मग ट्रेनिंग मोडमध्ये सरावाच्या बाहुल्याला तीन गोष्टी रेकॉर्ड करून दिल्या : ड्राइव्ह इम्पॅक्ट, साधी लाथ, आणि नुसते पुढे चालत येणे. बाहुला त्यातली कोणतीही, कोणत्याही क्रमाने करतो. सामने सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे हेच. पहिल्या रात्री दहांतल्या दोन धडका परतवल्या, दोन आठवड्यांनी सहा-सात. प्रत्यक्ष सामन्यात पहिल्यांदा ती परतवली तेव्हा पडदा क्षणभर थबकला, समोरच्याचे पात्र, केन, गुडघ्यांवर आले आणि हळूहळू कोसळू लागले. आणि या क्षणी पुढे काय मारायचे हे मी ठरवलेलेच नव्हते. मी एक साधी लाथ मारली. तो राउंडही हरले.

माझ्यासारखीला सराव म्हणजे शिक्षा वाटत असे, ती इथे वाटत नाही, कारण सरावाचे कारण आपल्याच सामन्यातून सापडलेले असते. प्रत्येक पात्राची मार्गदर्शिका आणि कॉम्बोचे, म्हणजे एकामागोमाग जोडून मारायच्या फटक्यांचे, धडे आहेत, पण ते पाठ करण्यात मी फार वेळ घालवला नाही. दहा फटक्यांचा कॉम्बो मला आजही येत नाही. चार फटक्यांचा येतो आणि तोच भरवशाचा आहे.

ऑनलाइन सामन्यांत रोलबॅक पद्धत वापरली जाते. समोरच्याने दाबलेले बटण जाळ्यातून पोचेपर्यंत खेळ थांबत नाही; त्याने काय दाबले असेल याचा अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकल्यास काही फ्रेम मागे येऊन चित्र दुरुस्त करतो. जोडणी चांगली असेल तर हे लक्षातही येत नाही. पहिले तीन महिने मी वाय-फायवर खेळले आणि समोरची पात्रे अधूनमधून हातभर अंतर उडी मारून पुढे येत असल्याची तक्रार करत राहिले. लांब केबल आणून राउटरला जोडल्यावर कळले की उडी माझ्याच घरातून पडत होती. सामना स्वीकारण्यापूर्वी समोरच्याची जोडणी केबलची आहे की वाय-फायची हे चिन्हाने दिसते. आता वाय-फायचे चिन्ह दिसले की मी नम्रपणे नकार देते, आणि तीन महिने मला ज्यांनी नकार दिले त्यांच्याबद्दलचा राग सोडून दिला आहे. वेगवेगळ्या कन्सोलवरचे आणि पीसीवरचे खेळाडू एकत्र खेळतात, त्यामुळे रात्री उशिरासुद्धा मिनिटभरात सामना मिळतो.

रँक्डमध्ये, म्हणजे रँक ठरवणाऱ्या सामन्यांत, रुकीपासून मास्टरपर्यंत आठ पायऱ्या आहेत. मी आयर्नमध्ये सुरुवात केली, पाचव्या महिन्यात सिल्व्हर ओलांडून गोल्डला पोचले आणि आज तिथेच आहे. गोल्डमध्ये मला आपल्या जातीची माणसे भेटली : एक गोष्ट फार छान करणारी आणि बाकी सगळ्यांत कच्ची. कोणी फक्त उड्या मारतो, कोणी उठल्याबरोबर दर वेळी तीच एक मूव्ह मारतो. त्याची ती एक गोष्ट दुसऱ्या राउंडपर्यंत ओळखणे, हाच मला सापडलेला आनंद आहे. दोन विजयांपर्यंत परतसामना घेण्याची सोय आहे, तरी एकदा जिंकल्यावर लगेच निघून जाणारे बरेच भेटतात. ते नियमात बसते, पण मला ते जेवणाच्या पंगतीतून पहिल्या वाढपानंतर उठण्यासारखे वाटते.

वर्ल्ड टूर या एकट्याने खेळायच्या भागाबद्दल माझे मत जरा कडवट आहे. स्वतःचे पात्र घडवून मेट्रो सिटीत हिंडायचे, रस्त्यात दिसेल त्याला लढाईचे आव्हान द्यायचे, चुन-लीसारख्या गुरूंकडून मूव्ह शिकायच्या, ही कल्पना मजेदार आहे आणि पहिले आठ-दहा तास मी खूश होते. पण तिथे पात्राची पातळी वाढते, शक्ती कमी झाली तर वस्तू वापरून भरता येते, आणि त्यामुळे ब्लॉक न करताही जिंकता येते. ती सवय घेऊन मी ऑनलाइन गेले आणि पहिला आठवडा ती मोडण्यात गेला. नवख्याने तिथे हिंडावे, पण त्याला शिकवणी समजू नये.

डायनॅमिक ही तिसरी नियंत्रण-रीत ऑनलाइन चालत नाही. ती पाहुण्यांसाठी ठीक आहे. कोणतेही बटण दाबले तरी खेळ प्रसंगाला शोभेलशी मूव्ह स्वतः निवडतो, म्हणून कधीही कंट्रोलर न धरलेला माणूससुद्धा पाच मिनिटांत आरडाओरडा करू लागतो. एका गोष्टीचा उल्लेख मात्र करायलाच हवा. ध्वनीच्या सेटिंगमध्ये दोन पात्रांमधले अंतर आवाजाने सांगण्याची सोय आहे, जी दृष्टिहीन खेळाडूंसाठी दिलेली आहे. मी ती उत्सुकतेपोटी लावली आणि मारिसाचा हात नेमका किती लांब पोचतो हे मला त्या आवाजावरून आधी कळले, डोळ्यांना नंतर पटले.

भार वाटतो तो नव्या पात्रांचा. पहिल्या वर्षात रशीद, ए.के.आय., एड आणि अकुमा आले, नंतर एम. बायसन, टेरी, माई आणि एलेना. ती विकत घ्या वा न घ्या, समोर तर उभी राहतातच, आणि प्रत्येकाची कोणती मूव्ह ब्लॉक केल्यावर आपली पाळी येते हे नव्याने शिकावे लागते. रोज खेळणारा ते आठवड्यात शिकतो. मला एडने दोन महिने छळले, आणि एलेनाच्या लाथा कुठून येतात हे मला अजून उमगलेले नाही.

सध्याची माझी अडचण उड्यांची आहे. गेल्या आठवड्यातल्या शेवटच्या सामन्याचा रिप्ले पाहिला तर समोरच्याच्या रियू या पात्राने तीन राउंडमध्ये अकरा उड्या मारल्या होत्या आणि त्यांतल्या दोनच मी हवेतून खाली पाडल्या. बाकी नऊ वेळा मी काय दाबले होते हेही पट्टीवर दिसते : सात वेळा काहीच नाही, दोन वेळा तोच जड ठोसा, दाबून धरलेला. बाहुल्याला आता उडी रेकॉर्ड करून दिली आहे.