पन्नासातली सत्ताविसावी प्रत

अडुसष्ट हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात तो मोठ्याने उच्चारायची सोय राहिलेली नाही.

मला रॉक संगीतकारांचे फोटो जमवायचा नाद आहे. बाजारात मिळणारी पोस्टरं वेगळी. मी म्हणतोय ती डार्करूममध्ये निगेटिव्हवरून कागदावर उतरवलेली प्रिंट, फोटोग्राफरने स्वतः सही करून क्रमांक घातलेली. नाशिकमध्ये हा नाद असलेली माणसं एका रिक्षात मावतील. त्यामुळे कुणी या विषयावर दोन वाक्यं नीट बोललं तरी आपण विरघळतो.

जुन्या एलपी, म्हणजे गाण्यांच्या तबकड्या, विकणाऱ्या एका ओळखीच्याकडून नंबर मिळाला. अमेरिकेतल्या मामांचा संग्रह काढायचाय, असं समोरच्याचं म्हणणं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत फ्लॅट, माणूस चाळिशीचा, प्रत्येक वाक्यात ‘सर’. दोन तास गप्पा झाल्या. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली, तो क्षण खुर्चीवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एड कॅराफने कसा टिपला, हे त्याने सांगितलं. द क्लॅश या बँडचा पॉल सिमनन न्यूयॉर्कच्या स्टेजवर बास गिटार आपटतो तो १९७९ चा फोटो तो काढणाऱ्या पेनी स्मिथलाच अल्बमच्या कव्हरवर नको होता, कारण फोकस हललेला होता, हेही सांगितलं. एकही तपशील चुकीचा नव्हता. मेख तिथेच होती. इतकं माहीत असलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं मी धरून चाललो.

मग आतून फ्रेम आली. अमेरिकन गायक जॉनी कॅश, सॅन क्वेंटिन तुरुंग, १९६९. फोटोग्राफर जिम मार्शलने “वॉर्डनसाठी एक फोटो होऊन जाऊ दे” असं सुचवल्यावर कॅशने कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं, तोच जगप्रसिद्ध फोटो. खाली पेन्सिलने २७/५० आणि सही, सोबत जाड कागदावर उठावाचा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. मार्शलच्या सहीची प्रिंट परदेशी गॅलऱ्यांत हजारो डॉलरला जाते. इथे मागणी नव्वद हजारांची.

मी म्हटलं, फ्रेममधून काढून दाखवा. तो म्हणाला, “सर, पावसाळ्यात सील फोडलं की बुरशी धरते. तुम्हाला काय सांगायचं!” ते शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मागून तपकिरी टेप चिकटवून फ्रेम बंद केलेली होती. चांगले फ्रेमवाले धूळ जाऊ नये म्हणून तसं करतातच, त्यामुळे शंका आली नाही. पण विकणाऱ्याला पुन्हा टेप लावायला दहा मिनिटं लागतात आणि दहा रुपये. तेवढं करायला जो तयार नाही, त्याच्याकडचा चहा पिऊन परत यावं. मी चहाही प्यायलो आणि अडुसष्टला सौदाही केला. पन्नास हजार तिथेच यूपीआयने, उरलेले घरी पोचल्यावर. पावती मागायची मला लाज वाटली.

फ्रेम बघून बायको म्हणाली, “हा माणूस हॉलमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवणार?” म्हणून फ्रेम माझ्या खोलीत गेली.

गणपतीत सासरे आले. नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या खिशात भिंग असतं आणि छापलेली कुठलीही वस्तू, अगदी लग्नपत्रिकासुद्धा, ते भिंगाखाली धरतात. फ्रेमच्या काचेतून त्यांना नीट दिसेना. म्हणाले, “जावईबापू, काढा बघू बाहेर.” मी कटरने टेप कापली. त्यांनी कॅशच्या गालाजवळ, जिथे काळं हळूहळू राखाडी होतं तिथे, भिंग टेकवलं आणि पंधरा सेकंदांत मान वर केली.

“हे छापलेलंय.”

मीही पाहिलं. बारीक ठिपके, जवळजवळ फवारल्यासारखे, आणि काळा-पांढरा फोटो असून त्यात निळसर, गुलाबी शाईचे कण. डार्करूमच्या खऱ्या प्रिंटमध्ये शाई नसतेच. कागदावरच्या जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात, प्रकाश पडलेल्या जागी त्यांची चांदी होऊन काळं उमटतं. भिंगाखाली दिसतो तो फिल्मचा वेडावाकडा रवा, आणि राखाडी छटा सलग वितळत जाते. ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरचे ठिपके रांगेत, फुलांच्या नक्षीसारखे बसलेले असतात, इंकजेटचे विखुरलेले. माझी प्रिंट इंकजेटची होती. दहापट मोठं दाखवणारं भिंग मेन रोडला काही शे रुपयांत मिळतं.

सासऱ्यांनी नोटा तपासायचा निळा दिवाही लावून पाहिला. कागद लख्ख चमकला. चमकणारा कागद अलीकडचा, असं त्यावरून धरतात. इथे त्याचा मात्र फारसा उपयोग नाही, कारण गेल्या कित्येक दशकांतल्या खऱ्या फोटोपेपरमध्येही चमक आणणारी रसायनं असतात. इंकजेट प्रिंट म्हणजे आपोआप खोटी, असंही नाही. आज अनेक मोठे फोटोग्राफर सहीनिशी इंकजेटच विकतात. पण ते तसं सांगून विकतात. माझ्या प्रमाणपत्रावर ‘सिल्व्हर जिलेटिन’ लिहिलं होतं.

त्याच प्रमाणपत्रावर खाली, लहान अक्षरात, प्रिंट काढल्याचं वर्ष होतं: २०१३. जिम मार्शल मार्च २०१० मध्ये वारला. ही तारीख मला पाठ आहे. तो गेला त्या आठवड्यात मी मित्रांना त्याचे फोटो पाठवत बसलो होतो. तरी कागद हातात घेऊन मी फक्त शिक्क्यावर बोट फिरवलं. फोटोग्राफर गेल्यावर काढलेल्या प्रतीवर वारसांचा किंवा विश्वस्तांचा शिक्का-सही असते, त्याची स्वतःची कशी असणार? पन्नासांपैकी कितवी प्रत कुठे गेली याची नोंदही गॅलऱ्या आणि विश्वस्त सहसा ठेवतात. पैसे देण्याआधी एक ई-मेल टाकायचा, बस.

त्या माणसाचा फोन बंद. फ्लॅट महिन्याच्या बोलीवर घेतलेला, वॉचमनला नावही वेगळंच सांगितलेलं. एलपीवाल्या ओळखीच्याने पुण्यातल्या एकाचा नंबर दिला, त्यानेही याच माणसाकडून काहीतरी घेतलं होतं. त्याने व्हॉट्सॲपवर त्याच्या भिंतीचा फोटो पाठवला. तोच कॅश, तेच बोट. मी झूम केलं. २७/५०.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. हा फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो, तेव्हाच रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येते. तक्रार नोंदवली गेली. फसवणुकीचं कलम चारसोबीस आता ३१८ झालंय, हे तिथे कळलं. हवालदारांनी फ्रेम टेबलावर उभी करून बराच वेळ पाहिली, मग लिहायला घेतलं: ‘एक काळ्या रंगाची लाकडी फ्रेम, त्यामध्ये बोट दाखविणाऱ्या इसमाचा फोटो, जुनी वापरती किंमत अंदाजे’ आणि पेन थांबवून विचारलं, “किती लिहू?”

शेजारी सासरे बसले होते. त्यांनी भिंग खिशात घालत सांगितलं, “कागद चांगलाय. सातशे लिहा.”