जुनी जिप्सी की जुनी थार?

धाकट्या भावाला जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) घेऊन हवे ते बदल करून स्वतः बांधायचीय. मारुतीची जिप्सी घ्यावी की महिंद्राची २०२० पूर्वीची सीआरडीई (डिझेल इंजिनची) थार, हे त्याचं ठरत नाहीये. त्याला माझं सांगणं असं.

आधी वजन बघ. आपल्या काळ्या मातीत पावसानंतर चिखल चाकाला लिंपतो, खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतं. तिथे टनभराची जिप्सी तरंगल्यासारखी निघते, जड थार रुतते. जिप्सीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड आस) आणि पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे उंची वाढवणं सोपं. थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पाट्यांऐवजी पिळला जाणारा स्प्रिंगचा दांडा. तिथे काम वाढतं.

ताकदीत मात्र थारच. अडीच लिटर डिझेल, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. ट्रॉली ओढायला जिप्सीचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन कमी पडतं. खर्चात मला फार फरक वाटत नाही.

गंज दोन्हींत बघ. मॅट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचायचा. आत गेला तर सौदा सोड. बदल करण्याआधी आरटीओत विचार, आरसीत नोंद नसलेला बदल पुढे नडतो.

शेतरस्ते आणि हौसेची बांधणी असेल तर जिप्सी. मे महिन्यात घरच्यांना घेऊन तुळजापूर, पंढरपूर करायचं असेल तर एसीवाली थार.