रोहू की मृगळ? ओळखायचं कसं

मासळी बाजारात बर्फावर दोन्ही शेजारी पडलेले असले की चांगले चांगले फसतात, आणि विकणाराही कधीकधी मृगळ रोहू म्हणून खपवतो, कारण रोहूला मागणी जास्त. कटला वेगळा, त्याचं मोठं डोकं आणि वर वळलेलं तोंड लगेच कळतं. घोळ असतो तो या दोघांत.

मी तर आधी ओठच बघतो. रोहूचे ओठ जाड, झालरीसारखे, तोंड खाली वळलेलं. मृगळचं तोंड रुंद असतं पण ओठ पातळ, झालर नाही. मग रंग. रोहूच्या परांवर लालसर झाक असते आणि अंग भरलेलं, मृगळ मात्र चंदेरी, सडपातळ, लांबट. खवल्यांवरून ठरवायला जाऊ नका, तिथे डोकं फिरतं.

तळ्यात दोघांचं भांडण नाही, रोहू मधल्या थरात वनस्पती वगैरे खातो, मृगळ तळाशी गाळातलं कुजकं, म्हणून तर कटल्यासोबत तिघांना एकत्र पाळतात.

नातं म्हणाल तर दोघंही कार्प कुळातले, मूळचे उत्तरेकडच्या गंगा-सिंधू खोऱ्यातले, आपल्या धरणांत बीज सोडून आणलेले. इतके जवळचे की त्यांचा संकरही होतो, आणि असलं मधलंच काहीतरी टोपलीत आलं की माझी ओठांची युक्तीही गंडते. चवीला मला रोहूच बरा वाटतो, काटे मात्र दोघांतही भरपूर.