नील फ्लेमिंग यांची ‘वार्क’ प्रश्नावली : प्रशिक्षणार्थी शिक्षकाचा अभिप्राय

पाहून, ऐकून, वाचून-लिहून की प्रत्यक्ष करून शिकणे आपल्याला रुचते, हे ताडणाऱ्या या 16 प्रश्नांच्या प्रश्नावलीत, उदाहरणार्थ, एखाद्याला रस्ता दाखवताना आपण नकाशा काढू, तोंडी सांगू, लिहून देऊ की सोबत जाऊ असे विचारले असून, एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा असल्याने उत्तरे देताना कोंडी होत नाही. माझा कल वाचन-लेखनाकडे निघाला. माझ्या टिपणवह्यांचा ढीग पाहता त्यात नवल नाही. मात्र आवड म्हणजे क्षमता नव्हे, आणि ज्याच्या त्याच्या शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने अध्ययन सुधारते याला पुरेसा पुरावा नसल्याचा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ पॅशलर व सहकाऱ्यांनी 2008 मध्येच मांडला होता. त्यामुळे आत्मपरीक्षणापुरती ही प्रश्नावली उपयुक्त असली, तरी पाठ आखताना मूल मदतीने कुठवर पोहोचू शकते हा मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांचा विचारच मला अधिक कामाचा वाटतो.