एमआरआय सेंटर: मशीन उत्तम, पण रिपोर्ट देण्याची पद्धत बदला (५ पैकी ३)

डाव्या कानात वर्षभर सूंऽऽ आवाज आणि त्याच कानाने ऐकू कमी, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, एवढंच पाहायचं होतं. पुण्यातल्या या सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तिथल्या टेक्निशियन मुलीचं मनापासून कौतुक. बंद जागेत माझा जीव घाबरतो म्हटल्यावर तिने हातात रबरी फुगा दिला. "काकू, हा दाबलात की लगेच बाहेर काढते," म्हणाली आणि ठकठक सुरू होण्याआधी दर वेळी माइकवरून सांगत राहिली.

रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. कानाची नस स्वच्छ. खाली एक ओळ: उजव्या फ्रंटल भागात ९ मिमीचं एक्स्ट्रा-अ‍ॅक्सियल लीजन, मेनिन्जिओमाची शक्यता. सेंटरचा फोन कुणी उचलेना. मी आणि हे, दोघं ती ओळ रात्रभर वाचत बसलो. 'एक्स्ट्रा' म्हणजे काहीतरी जास्तीचं वाढलंय, असंच मी धरून चालले.

चार दिवसांनी न्यूरोसर्जनांनी फिल्म लाइटवर लावली. कवटीच्या कडेला चिकटलेला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. एक्स्ट्रा-अ‍ॅक्सियल म्हणजे मेंदूच्या बाहेर! गाठ मेंदूत नव्हतीच, त्याच्या आवरणावर होती; मेनिन्जिओमा म्हणतात ती हीच. अशा गाठी बहुतेक साध्या, सावकाश वाढणाऱ्या, बायकांमध्ये जास्त, आणि कानाशी हिचा संबंध नाही. रॉटरडॅमला पंचेचाळिशीपुढच्या २००० लोकांचे स्कॅन केले होते, २००७ साली ते छापून आलं, त्यात ०.९ टक्के लोकांना हीच गाठ निघाली, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे १८ जण, तपासलं नसतं तर ज्यांना कळलंही नसतं. ऑपरेशन नाही, गोळ्या नाहीत. सहा महिन्यांनी परत बघू.

ज्या शब्दाने आमची झोप उडवली, तोच खरा दिलासा होता. सेंटरमधल्या कुणीतरी पाच मिनिटं फोन केला असता तर ते चार दिवस तसे गेले नसते. त्याचे दोन तारे मी कापले.

सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच गेले, कारण जुन्या फिल्मशी ताडून बघायला तेच मशीन बरं. या वेळी काउंटरवर आधीच सांगितलं, रेडिओलॉजिस्टना भेटल्याशिवाय रिपोर्ट नेणार नाही. तासभर बसवलं, पण भेटले. दोन्ही फिल्म शेजारी ठेवून त्यांनी माप दाखवलं: तेव्हा ९, आताही ९.