व्रोत्सवाफचा स्पीडवे: ब्रेक नसलेल्या गाड्या, एरंडेलाचा वास आणि पहिलं वळण

आधीच सांगते, मला मोटरस्पोर्टमधलं फार काही कळत नाही, फॉर्म्युला वन लावलं की दहाव्या मिनिटाला डोळे मिटतात. पण गेल्या तीन सीझनमध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या ऑलिंपिक स्टेडियमवरच्या, स्पार्टा या इथल्या स्पीडवे क्लबच्या घरच्या मॅचेस मी जवळजवळ सगळ्या बघितल्यात, आणि इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दर महिन्याला कुणीतरी विचारतंच की हे स्पीडवे नक्की काय असतं, जावं का, पोरांना न्यावं का, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकते.

तर स्पीडवे म्हणजे मातीच्या अंडाकार ट्रॅकवर चार मोटरसायकली, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट्या दिशेनं, साधारण एक मिनिट, खेळ खलास. गाडी ५०० सीसीची, एकच सिलिंडर, पेट्रोल नाही तर मिथेनॉलवर चालणारी, वजन कमीत कमी ७७ किलो म्हणजे आपल्या अ‍ॅक्टिव्हापेक्षाही हलकी, आणि ब्रेक नाही. खराब झालाय म्हणून नाही, काढून ठेवलाय म्हणून नाही, नसतोच, नियमच तसा आहे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उलटीकडे, डाव्या पायाच्या बुटाला लोखंडी तळवा, तो जमिनीला घासत पूर्ण वळण आडव्या गाडीनं काढायचं. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, माणूस पडला की ती सुटते आणि इंजिन बंद.

पोलिश लोक याला स्पीडवे म्हणत नाहीत, झुझेल म्हणतात. झुझेल म्हणजे भट्टीतून निघणारी जळकी खडी, पूर्वी ट्रॅक त्याचेच असायचे. आता बऱ्याच ठिकाणी ग्रॅनाइटचा चुरा असतो, म्हणजे आपल्याकडे खडी क्रशरवर मिळते ती कच म्हणा ना, त्यात माती मिसळून दाबलेली.

पहिल्या वेळेला मी फसले. कुठल्यातरी तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपवरून घाईत दोन सीटा घेतल्या, अ‍ॅपचं नाव घेत नाही, त्यांच्या नकाशात 'उत्तम व्ह्यू' लिहिलेलं आणि प्रत्यक्षात मागच्या सरळ पट्टीवर, जिथून गाड्या फक्त झुप करून जाताना दिसतात. नवऱ्याचं म्हणणं पडलं की यापेक्षा हायवेच्या पुलावर उभं राहिलं असतं तर फुकट झालं असतं. मी पण मनातून तेच म्हणत होते, फक्त तिकिटं मीच काढलेली म्हणून गप्प होते.

दुसऱ्यांदा गेलो ते पप्पा आले होते म्हणून. पप्पा कराडचे, तरुणपणी येझदी चालवलेली आणि बैलगाड्यांच्या मैदानाचा नाद आयुष्यभर, त्यांना इथले चर्च आणि पूल दाखवून तिसऱ्या दिवशीच कंटाळा आलेला दिसत होता. या वेळी तिकिटं क्लबकडूनच काढली आणि सीटा पहिल्या वळणाच्या तोंडाला. आत शिरलो तर हवेत वास, गोडसर, जळका, तेलकट. पप्पा थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "अगं हे तर एरंडेल!" मी म्हटलं काहीतरीच काय पप्पा. नंतर शोधलं तर खरंच, मिथेनॉलमध्ये साधं खनिज तेल नीट मिसळत नाही म्हणून या इंजिनांना वर्षानुवर्षं एरंडेलाचं तेल घालतात आणि स्पीडवेचा म्हणून जो वास जगभर लोकांना माहीत आहे तो त्याचाच. लहानपणी आजीनं चमच्यातून पाजलेलं ते एरंडेल, ते इथं पोलंडमध्ये ५०० सीसीच्या पोटात.

आणि जावा! पिट्सकडे, म्हणजे गाड्या तयार करतात तिकडे, जाताना एका जुन्या गाडीवर ते नाव दिसलं आणि पप्पांनी पुढची दहा मिनिटं मला हलूच दिलं नाही. आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावानं त्या गाड्या बनवल्या, पुढं त्याच येझदी झाल्या, पण चेकमध्ये दिविशोव नावाच्या गावात जावाच्या नावानं स्पीडवेच्या गाड्या बनायच्या आणि एका जमान्यात निम्मं जग त्यांच्यावर पळायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आता जास्त करून जीएम नावाचं इटालियन इंजिन असतं. पप्पांना ते पटलं नाही, जावा ती जावा.

मॅच कशी चालते ते थोडक्यात, कारण हे माहीत नसलं तर पहिला तास डोक्यावरून जातो. लीगच्या मॅचमध्ये १५ हीट, म्हणजे छोट्या शर्यती. प्रत्येक हीटला दोन घरचे, दोन पाहुणे. घरच्यांची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी, एवढं पाठ केलं तरी पुरे. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. म्हणजे हीटला सहा पॉइंट, पूर्ण मॅचला नव्वद, ४६ झाले की जिंकलात. दुसरी हीट ज्युनियर पोरांची असते, ती अजिबात चुकवू नका, सतरा-अठरा वर्षांची पोरं असतात आणि त्यांना भीती हा प्रकार अजून शिकवलेला नसतो. शेवटच्या दोन हीटला कोच आपली निवडलेली माणसं पाठवतो, मॅच तिथपर्यंत अडकलेली असली तर स्टेडियममध्ये कुणी बसत नाही.

सुरुवात टेपनं होते. आडव्या ताणलेल्या पट्ट्या, त्यांच्यामागे चौघं, क्लच दाबून इंजिन किंचाळतंय, पट्ट्या वर गेल्या की सुटायचं. टेपला गाडी लागली की त्या हीटमधून बाद. पप्पांनी पहिल्या हीटलाच सांगितलं की हा आपल्या झेंडापंचाचाच कारभार आहे, फक्त इथं झेंडा नाही आणि बैलांना पट्टी दिसली असती तर ते थांबलेच नसते. आणि एकदा का सुटले की पहिल्या वळणापर्यंतचे ते दोन-तीन सेकंद म्हणजे सगळा खेळ. चौघांनाही तीच एक जागा पाहिजे आणि ब्रेक कुणालाच नाही. म्हणून सीट पहिल्या वळणाला घ्या, परत परत सांगते, पहिल्या वळणाला. टीव्हीवर हे कळतच नाही, कॅमेरा वरून असतो, सगळं खेळण्यासारखं वाटतं, आवाज तर येतच नाही. प्रत्यक्षात आवाज छातीत वाजतो आणि ट्रॅकवरची कच तोंडावर येते. पांढरे कपडे घालू नका. चष्मा असेल तर उत्तम, नसेल तर गॉगल. पोरांना कानाला आवाज अडवणारे हेडफोन लागतातच, ते लाजून टाळू नका, इथली सगळी पोरं घालतात.

मायनस पॉइंट सांगायचा तर एक मिनिट रेस आणि मग तीन-चार मिनिटं थांबा. मध्येमध्ये ट्रॅक्टर येतो, ट्रॅक सारखा करतो, टँकर पाणी मारतो, मग पुढची हीट. आयपीएलच्या स्ट्रॅटेजिक टाइमआउटला शिव्या घालणाऱ्यांनी इथं काय करावं देव जाणे. पण खरं सांगू, दुसऱ्या-तिसऱ्या मॅचपासून तोच वेळ मला आवडायला लागला, कारण तेव्हाच सगळे आपापला प्रोग्रॅम मांडीवर घेऊन पेननं स्कोर भरत बसलेले असतात. प्रोग्रॅममध्ये हीटचा तक्ता छापलेला असतो, तुम्ही स्वतः आकडे भरायचे, आणि माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा तर टाइमपण लिहितात. खाऊ म्हणजे सूर्यफुलाच्या बिया. आपल्याकडे शेंगदाणे तसं, सोलत राहायचं, टरफलांचा खच पायाशी. शाकाहारी लोकांनी मश्रूम-चीजची झापिएकांका (लांब पावावर भाजलेली) किंवा बटाट्याचे फ्राइज धरावेत, बाकी सगळीकडे सॉसेज. पप्पांनी बिया एवढ्या खाल्ल्या की रात्री जेवले नाहीत.

स्टेडियमचं नाव ऑलिंपिक पण तिथं ऑलिंपिक कधीच झालेलं नाही, यावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलाय. झालंय असं की १९२० च्या दशकात, हे शहर जर्मनीत होतं तेव्हा, रिचर्ड कोनवियार्झ नावाच्या आर्किटेक्टनं ते बांधलं आणि त्याच डिझाइनला १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं, कारण तेव्हा ऑलिंपिकमध्ये कलेला आणि आर्किटेक्चरलासुद्धा मेडल द्यायचे! आता वर्ल्ड चॅम्पियनशिप ज्या ग्रँड प्रिक्स पद्धतीनं होते त्यातली पहिलीवहिली ग्रँड प्रिक्सही १९९५ ला याच मैदानावर झाली आणि पोलंडच्या टोमाश गोलोबनं जिंकली. ट्राम जवळ सोडते, शेजारी मोठं पार्क आणि हाला स्तुलेत्सिया हे जुनं भव्य सभागृह आहे, दुपारी तिथं फिरून संध्याकाळी मॅच असा दिवस छान जातो.

आता लोक विचारतात हे इथंच का एवढं. मलाही कोडंच होतं. या खेळाचा जन्म ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडला १९२३ मध्ये झाला असं मानतात, वाद आहेत, पण नाव तेच घेतात. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीचला ब्रिटनची गाजलेली पहिली मीटिंग झाली आणि बघायला हजारो लोक लोटले. वेम्बलीला वर्ल्ड फायनल व्हायच्या, १९८१ ची शेवटची, तेव्हाही नव्वद हजारांच्या वर गर्दी. आणि आज? लंडनमधला शेवटचा ट्रॅक विम्बल्डनचा, हो, विम्बल्डनला टेनिसशिवाय हेही होतं, तो २००५ मध्ये बंद झाला. कोव्हेंट्रीचा २०१६ नंतर नाही, वुल्व्हरहॅम्प्टनचा २०२३ ला गेला. मँचेस्टरला मात्र २०१६ मध्ये नवं कोरं स्टेडियम झालंय, तिकडच्या मराठी मंडळींनी तिथल्या बेल व्ह्यू क्लबची मॅच जरूर बघा, कार्डिफची ग्रँड प्रिक्सपण २०२५ पासून तिथंच गेलीये.

माझं मत असं की सगळा खेळ जागेचा आहे. तिकडे बरेचसे ट्रॅक कुत्र्यांच्या शर्यतीच्या स्टेडियममध्ये, मालक खासगी, शहर वाढलं, जमिनीला भाव आला, बिल्डर आला, संपलं. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, आपल्या गावातली किती मैदानं कुठं गेली ते आठवा. पोलंडमध्ये स्टेडियम बहुतेक नगरपालिकेचं, आणि खेळ वॉर्सातला नाही, मधल्या गावांचा. लेश्नो, गोझूव, झिएलोना गुरा, टोरुन्य, ग्रुजिओंद्झ, लुब्लिन. यातल्या कित्येक गावांना मोठी फुटबॉल टीम नाही, त्यामुळे गावाची इज्जत म्हणजे झुझेल. लेश्नो जेमतेम साठ-पासष्ट हजारांचं गाव आणि लीगची सगळ्यात जास्त अजिंक्यपदं त्यांची. म्हणजे आपल्या कराडनं मुंबई-पुण्याला वर्षानुवर्षं हरवत राहावं तसं. आमची स्पार्टा २०२१ ला जिंकली होती, त्याआधी २००६, मधल्या पंधरा वर्षांबद्दल शेजारच्या आजोबांना विचारू नका, हीट सुरू झाली तरी थांबत नाहीत.

आणि हिरो घरचाच लागतो ना. १९७३ ला खोझूवच्या फायनलमध्ये येझी शचाकियेल जिंकला, पोलंडचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन, लाखभर लोकांसमोर, तेही बरोबरी सोडवायच्या जादा शर्यतीत (रन-ऑफमध्ये) न्यूझीलंडचा इव्हान मॉगर पडला म्हणून. त्यानंतर ३७ वर्षं कोणी नाही, मग २०१० ला गोलोब. आणि आता बार्टोश झ्मार्झ्लिक, २०१९ पासून २०२५ पर्यंत सहा टायटल, मॉगर आणि स्वीडनच्या टोनी रिकार्डसनच्या बरोबरीला. २०२५ चं टायटल एका पॉइंटनं, आमच्या स्पार्टाच्या ब्रेडी कर्ट्झला मागे टाकून, म्हणून आमच्या भागात त्याचं कौतुक थोडं दात चावून करतात.

या लोकांचं आयुष्य पण गंमतीचं आहे. शुक्रवार-रविवार पोलंड, मंगळवारी स्वीडन, मध्येच ब्रिटन किंवा डेन्मार्क, व्हॅनमध्ये गाड्या टाकून मेकॅनिक रात्रभर पळवतात. गाड्या रायडरच्या स्वतःच्या, मेकॅनिकचा पगारपण तोच देतो आणि मिळकतीचा मोठा भाग पॉइंटवर. शून्य काढला तर शून्य. फ्रीलान्सरांनो, तक्रार करू नका.

एक गोष्ट मात्र पोरांना न्यायच्या आधी माहीत असू द्या. अपघात होतात. डार्सी वॉर्ड नावाचा ऑस्ट्रेलियन, २०१५ ला झिएलोना गुराला पडला आणि कमरेखाली लुळा झाला, तेव्हा तो फक्त २३ वर्षांचा होता. आता वळणावर हवेचे फुगीर कुंपण असतात, फायदा होतो, पण भीती जात नाही. मी स्वतः एका मॅचला एक ज्युनियर पडलेला बघितला, लाल दिवे लागले, अँब्युलन्स आली आणि एवढं मोठं स्टेडियम गप्प. तो उठून हात वर करून चालायला लागला तेव्हा पाहुण्यांच्या स्टँडनंपण टाळ्या वाजवल्या. पप्पा घरी येईपर्यंत त्यावरच बोलत होते, ५-१ वगैरे त्यांना काही आठवत नव्हतं.

पाऊस आला तर मॅच पुढं ढकलतात, तेवढा हवामानाचा अंदाज बघून निघा. तिकीट सिनेमापेक्षा महाग, पण फुटबॉलच्या मोठ्या मॅचपेक्षा स्वस्त पडतं. सीझन एप्रिल ते सप्टेंबर-ऑक्टोबर. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ट्रॅक्टरचा कापला. आणि पेन न्याल तर दोन न्या, एक शेजारचे मागतात आणि परत देत नाहीत.