सिट्रोएन टू सीव्ही आणि नैऋत्य फ्रान्सची खेडी: अख्खा सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

मार्चपासून ऑक्टोबर संपेपर्यंत गाडी वापरली, आता नीट लिहिता येईल. जुन्या गाडीतून फ्रान्सची खेडी बघत निवांत फिरायचं असेल तर माझ्या मते टू सीव्हीला, म्हणजे सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या जुन्या साध्या गाडीला, तोड नाही, पण दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर प्लॅन करू नका आणि मोटरवेचा विचारच सोडून द्या. एवढं पाळलं तर ही सुट्टी फार म्हणजे फारच सुंदर होते.

आम्ही नैऋत्य फ्रान्समधल्या तुलूझ शहरात राहतो. गाडी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत घेतली, टू सीव्ही सिक्स, 1980 च्या दशकातली, 602 सीसी, दोन सिलिंडरचं एअर कूल्ड इंजिन, 29 हॉर्सपॉवर. बऱ्या अवस्थेतली गाडी आता दहा-पंधरा हजार युरोच्या आसपास जाते, त्यामुळे एकट्याने घेण्यापेक्षा हे बरं पडलं. ज्यांना फक्त सुट्टीपुरती हवी आहे त्यांनी भाड्याने घ्या, पण एका दिवसासाठी नको, पहिला दिवस नुसता गिअरची सवय होण्यात जातो.

कारण गिअर म्हणजे डॅशबोर्डमधून बाहेर आलेला दांडा, तो ओढायचा, ढकलायचा आणि वळवायचा. पहिला डावीकडे वळवून मागे ओढायचा, त्याच्या समोर रिव्हर्स, दुसरा आणि तिसरा मधल्या सरळ रेषेत, चौथा उजवीकडे पुढे. ऐकायला अवघड वाटतं पण खेड्यातून जाताना सारखं दुसरा-तिसरा दुसरा-तिसरा करावं लागतं आणि ते दोन्ही एका रेषेत आहेत, म्हणजे ज्याने डिझाइन केलंय त्याने रोजच्या वापराचा विचार केलाय हे हाताला कळतं. माझ्या बाबांकडे बरीच वर्षं प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगजवळचा गिअर, ते सप्टेंबरमध्ये आले तेव्हा शेजारी बसून दोन मिनिटांत त्यांना सगळं समजलं.

आता चालवायला कशी? मूळ कल्पनाच शेतकऱ्यांसाठी होती. 1930 च्या दशकात सिट्रोएनचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी मागणी केली होती की दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन ताशी 60 किलोमीटरने जाता यावं आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत. गाडी लोकांसमोर आली ती 1948 च्या पॅरिस मोटर शोमध्ये, आणि 1990 पर्यंत बनत होती. त्या अंड्यांच्या गोष्टीमागे खरं इंजिनिअरिंग आहे, प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकाच आडव्या नळकांड्यातल्या स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेलं आहे, त्यामुळे पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागच्यालाही आधीच कळतं आणि गाडी आपटत नाही. आईला कंबरेचा त्रास आहे, ती मागे बसून दिवसभर फिरली आणि संध्याकाळी म्हणाली की आपल्या घरच्या नव्या गाडीपेक्षा यात बरं वाटलं. वळणावर मात्र गाडी होडीसारखी कलते, पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण टायर रस्ता सोडत नाहीत, हा विश्वास यायला दोनेक वीकेंड गेले.

फिरण्याबद्दल लिहायचं तर आधी नकाशा. मिशलँ कंपनीचा रिजनल नकाशा घ्या, कागदाचा. ज्या रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते ते निसर्गरम्य रस्ते, आम्ही पूर्ण सीझन जवळपास त्या हिरव्या रेघांवरच काढला. फोन तुम्हाला सारखा मोठ्या रस्त्यावर ढकलतो आणि तिथे मागून ट्रक चिकटले की मजा जाते. डी नंबरचे डिपार्टमेंटचे (म्हणजे जिल्ह्याचे) रस्ते, बहुतेक ठिकाणी लिमिट ताशी 80, आणि ही गाडी साठ-सत्तरला सगळ्यात खूष असते, म्हणजे दोघांचं जमतं.

सगळ्यात आवडलेला रस्ता विचाराल तर ब्रूनिकेलहून पेनमार्गे साँत-आँतोनँ-नोब्ल-व्हालला जाणारा डी 115, आव्हेरों नदीच्या काठाकाठाने, एका बाजूला पांढरे कडे आणि वर टोकावर पेनचा पडका किल्ला. रविवारी सकाळी निघायचं कारण साँत-आँतोनँचा बाजार रविवारी असतो, चीज, चेरी, पाव घ्यायचा, पुढे नदीकाठी थांबून मागची सीट उचलून बाहेर काढायची (ती खरंच निघते, काही सेकंदांचं काम) आणि गवतावर ठेवून जेवायचं. गुरुवारी सुट्टी मिळाली तर व्हिलफ्राँश-द-रूएर्गचा बाजार, चर्चसमोरच्या कमानींच्या चौकात भरतो, आणि तिथून नाजाक हे गाव जवळच. जुलैत झेर भागात गेलो, फूर्सेस हे गोल आकाराचं गाव आणि लारेसँगल हे तटबंदीतलं चिमुकलं गाव, मधे सगळी सूर्यफुलं. कॅनव्हासचं छत गुंडाळून मागे टाकलं की रस्त्याचा वाससुद्धा आत येतो, कापलेलं गवत, शेण, लिंडनची झाडं. बंद काचेच्या एसी गाडीतून याच रस्त्याने आम्ही आधीही गेलो होतो आणि यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

काँक या गावासाठी दोन दिवस ठेवा. वाटेत मार्सियाकच्या खोऱ्यात सगळी माती आणि घरं लाल, कोकणातल्या जांभ्याची आठवण आलीच. काँकच्या अ‍ॅबीत, म्हणजे मठाच्या चर्चमध्ये, चित्रकार पिएर सूलाजच्या खिडक्यांच्या काचा आहेत, 1994 मध्ये बसवलेल्या, रंग अजिबात नाही, नुसता प्रकाश, बराच वेळ बसून राहिलो. पुढे ओब्राकच्या पठारावर चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागे कोणी आलं तर बाजूला घेऊन जाऊ द्या, लोक हात करून जातात. समोरून दुसरी टू सीव्ही आली तर दिवे लावून सलाम होतोच. पठारावर आलीगो खा, बटाटा आणि ताजं तोम चीज घोटून केलेलं, तार येईपर्यंत. शाकाहारी असाल तर सोबतचं सॉसेज नको असं आधीच सांगा. आणि दोनच्या आत पोचा, खेड्यातलं किचन दोनला बंद म्हणजे बंद.

आता त्रास. तुलूझचा ऑगस्ट या गाडीत कठीण आहे. काचेखालची पूर्ण रुंदीची झडप उघडली की वारा छान येतो, पुढच्या खिडक्यांचा खालचा अर्धा भाग वर दुमडतो, पण चाळिशीच्या जवळ तापमान गेलं की गरम वाराच येणार, त्या दिवसांत आम्ही सकाळी अकराच्या आत परत यायचो. हीटर म्हणजे इंजिनवरची गरम हवा, मार्चमध्ये पाय गरम आणि मान गार. सत्तरच्या पुढे बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. एअरबॅग नाही, एबीएस नाही, लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स नाही, बाळ असेल तर मी तरी सुचवणार नाही.

एकदा भर उन्हात गाडी बंद पडली, इग्निशनमधला (ठिणगी पाडणाऱ्या भागातला) कंडेन्सर गेला होता. ज्या गॅरेजला दाखवली त्यांनी कार्बोरेटर बदला म्हणून मोठं बिल सांगितलं, दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पाहिलं आणि स्वस्तात काम झालं. नंतर आम्ही इलेक्ट्रॉनिक इग्निशनच बसवून घेतलं, ज्यांना खूप फिरायचंय त्यांनी हे करावंच. इन्शुरन्स घेताना गाडी बंद पडल्यास घराच्या दारापासूनच मदत मिळणारं कलम घ्या, त्याचे थोडे जास्त पैसे सार्थकी लागतात. ग्रीसिंग नियमित करा. पार्ट्स मात्र सगळे नवे मिळतात, अगदी गॅल्व्हनाइज्ड चॅसीसुद्धा. पेट्रोल शंभर किलोमीटरला सहा-साडेसहा लिटर, टाकी 25 लिटरची. रविवारी खेड्यातले पंप कार्डवर चालणारे ऑटोमॅटिक असतात, आपलं कार्ड चालतं का ते आधी शहरात तपासा.

भारतातून येऊन भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल परमिट घेऊनच या. रस्त्याची उजवी बाजू, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, आणि अनेक खेड्यांत उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, तुम्ही मोठ्या रस्त्यावर असलात तरी, त्यामुळे गाव आलं की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. गाडी ताब्यात घेताना छत पूर्ण उघडून बंद करून बघा, पाऊस इथे अचानक येतो. ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबून बघा, स्टेपनीत हवा आहे का पहा, जॅकचा दांडा जागेवर आहे का पहा कारण त्यानेच चाकाचे नट निघतात आणि बॅटरी बसली तर त्याच दांड्याने पुढून हँडल मारून गाडी सुरू होते. ते कसं मारायचं हे मालकाकडून तिथेच शिकून घ्या, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढायचा नाही.